पान उघडत नाही

पहिला फोन आला पावणेदोनला.
इलाही मुल्ला, कवठ्याहून:
"वैजू, पान उघडंना झालंय."
मी झोपेत. कुठलं पान, द्राक्षाचं?
"तुझं गं. तुझ्या मशीनचं."

खताच्या दुकानामागच्या खोलीत
लोखंडी कपाटावर
दसऱ्याच्या वाळक्या झेंडूशेजारी ते बसलेलं असतं,
जेवणाच्या डब्याएवढं.
बागेत काठीला लावलेलं खोटं पान भिजलं
की हे लिहून ठेवतं:
ओल किती तास, हवा किती दमट, वारा कुठला.
रोज चाळीस-पन्नास जण बघतात.
त्यातले पाच आमच्याच घरातले.

आज मणेराजुरीपासून पार पलूसपर्यंत
आभाळ खाली उतरलं होतं.
फळछाटणीला चाळीस दिवस,
बागा ऐन फुलोऱ्यात.
अशा रात्री कोण झोपतं?
बायका बॅटऱ्या घेऊन ओळींत वाकलेल्या,
ट्रॅक्टरला ब्लोअर जोडून पुरुष उभे,
फवारावं की थांबावं,
आणि सगळेच्या सगळे
अंगठ्यानं माझं दार वाजवतात.

पडद्यावर नोंदी सरकत होत्या
वाचता येऊ नयेत इतक्या.
नऊशे. दोन हजार. मग आकडाच गोठला.
मशीनला हात टेकवत नव्हता.
टेबलफॅन त्याच्या तोंडावर धरला,
बंद केलं, चालू केलं.
उठलं, दीड मिनिट तगलं, परत आडवं.
ज्याला दिसत नाही तो पुन्हा दाबतो,
एकाचे चार होतात.
घाबरलेल्या माणसाला थांब म्हणायचं कुणी?

मग एकेक काढायला लागले.
आलेख काढले. नकाशा काढला.
माथ्यावरचा फोटो,
ज्यात आई वेलीखाली पदर सावरत उभी आहे,
तिथं बोट जरा थांबलं.
काढला.
राहिल्या चार ओळी, नुसती अक्षरं.
तरी हलेना.

भूपाल आण्णा उजेड बघून आले,
कानटोपी, हातात विझलेली बॅटरी.
"दाब पुरंना व्हय?"
हो, तसंच काहीतरी.
"मोटर केवढी?"
लहान.
"आन् कॉक? सगळे एकदम उघडलेत?"

मी बघतच राहिले त्यांच्याकडे.
तीनच्या मोटरवर सहा एकर ठिबक चालवतात आण्णा.
सहा कॉक, एका वेळी एक.
पाळी येईपर्यंत बाकीची बाग गप उभी असते
आणि कोरडी कुठलीच राहत नाही.

आकडा लिहिला: वीस.
एका वेळी विसांनीच आत यावं,
बाकीच्यांनी उंबऱ्यापाशी थांबावं.
आणि तू,
येईल त्याच्यासाठी नव्यानं मोजत बसू नकोस,
दहा मिनिटांनी एकदा लिही
आणि तेच सगळ्यांना वाचून दाखव.

आधी काहीच झालं नाही.
मग घरघर उतरत गेली,
उतू जाता जाता दूध खाली बसावं तशी.
आण्णांना कळलं नाही काय झालं ते.
"चालू झालं का पाणी?" एवढंच विचारून
ते अंधारात गेले.

इलाहीचा फोन.
"उघडलं. हळू उघडलं, पन उघडलं.
ओल साडेपाच तास दाखवतंय. मारू का औषध?"
ते मशीन सांगत नाही, इलाहीभाई.
तेवढं तुमचं तुम्हीच.

पहाटेपर्यंत डोंगराच्या अंगानं
ब्लोअरचे आवाज येत राहिले,
एक थांबला की दुसरा.

सकाळी ऊन पडलं, वारा सुटला, पानं वाळली.
नऊला पाहिलं: अकरा जण.
कपाटावर मशीन गार.
एवढी शांतता मला आवडली नाही, खरं सांगायचं तर.

दुपारी आईनं भाकरी थापता थापता विचारलं,
"माझा फोटो कुठं गेला गं?"